ग्योशेनेन: बोगद्याच्या तोंडाशी

१
स्वित्झर्लंडच्या ऊरी परगण्यात, समुद्रसपाटीपासून ११०६ मीटरवर ग्योशेनेन आहे. वस्ती पाचशेच्या आत. स्टेशन मात्र एखाद्या शहराला पुरेल एवढं लांब. फलाट संपतो, एक पूल येतो आणि लगेच गॉटहार्ड बोगद्याचं तोंड.

२
दरी अरुंद. नदी, जुना रस्ता, महामार्ग, रेल्वे आणि गाव यांनी एकमेकांना सांभाळून घेत जागा वाटून घेतली आहे. महामार्गही इथंच डोंगरात शिरतो. दोन्ही बोगदे पलीकडे एकाच गावाजवळ निघतात: आइरोलो.

३
इथं दोन रुंदीचे रूळ आहेत. रुंद रूळ डोंगराच्या पोटातून इटलीच्या दिशेला जातात. एक मीटर रुंदीचे अरुंद रूळ डोंगराच्या अंगावरून वरच्या आंडरमाट गावाला चढतात. चढ इतका तीव्र की मधोमध दातेरी रूळ टाकावा लागला. इंजिनाचं चाक त्यात दात रोवत वर जातं. अंतर चार किलोमीटरच्याही आत. ही गाडी १९१७ साली सुरू झाली, पहिल्या दिवसापासून विजेवर.

लाल गाडी. डब्यात शाळेची दोन मुलं, एक सायकल, आणि पाठीवर भलं मोठं ओझं घेतलेले चार सैनिक. आंडरमाटला लष्कराचा तळ आहे. सैनिक बसल्याबसल्या झोपले.

४
करार १८७२ चा. कंत्राटदार लुई फाव्र, जिनिव्हाजवळच्या एका सुताराचा मुलगा. त्याने सांगितलं, आठ वर्षांत १५ किलोमीटरचा बोगदा देतो. उशीर झाला तर दिवसाला ५,००० फ्रँक दंड, सहा महिन्यांनंतर दिवसाला १०,०००. लवकर दिला तर तेवढंच बक्षीस. अनामत म्हणून ८० लाख फ्रँक ठेवायचे.

रेल्वेसाठी एवढा लांब बोगदा तोवर जगात कुणी खणला नव्हता. खडक आत कसा आहे, पाणी कुठं लागेल, हे सही करताना कुणालाच माहीत नव्हतं. तारीख मात्र ठरली.

५
खणायला वाफेची यंत्रं चालणार नव्हती. धुराने माणसं गुदमरली असती. म्हणून नदीच्या पाण्यावर चाकं फिरवून हवा दाबली गेली आणि नळातून आत नेली. त्याच हवेवर छिद्रं पाडणारी यंत्रं चालली, आणि तीच हवा बाहेर सुटल्यावर माणसांनी श्वासात घेतली. छिद्रांत डायनामाइट. ते तेव्हा नवंच होतं, नोबेलच्या शोधाला पुरती दहा वर्षंही झालेली नव्हती.

छिद्रं, स्फोट, धूर, राडारोडा उचलणं, पुन्हा छिद्रं. दोन्ही टोकांकडून.

६
डोंगराच्या मध्याकडे जाल तशी उष्णता वाढत गेली. पारा तिशीच्या वर. बाहेर बर्फ, आत अंगावर कपडा नको वाटावा इतका उकाडा. पाळी संपली की घामाने आणि पाण्याने भिजलेला माणूस थेट बर्फात येई.

७
गाव काही शेकड्यांचं होतं, ते हजारोंचं झालं. बहुतेक कामगार इटलीतून आलेले. खोल्या कमी, म्हणून एक खाट तीन पाळ्यांत भाड्याने जाई. एक माणूस उठला की त्याच्या ऊबेत दुसरा झोपायचा. दिव्यात घालायच्या तेलाचे पैसे कामगाराच्या मजुरीतून कापले जात. अंधार कंपनीच्या बोगद्यातला, उजेडाचा खर्च त्याचा.

८
जुलै १८७५. ग्योशेनेनच्या कामगारांनी बोगद्याचं तोंड अडवलं. मजुरी वाढवा, आणि आतली हवा सुधारा: स्फोटानंतरचा धूर निघून जाण्याआधीच आम्हाला आत पाठवू नका. परगण्याची शिबंदी आली. २८ तारखेला गोळीबार झाला. चार मेले, कित्येक जखमी.

दगड आणि काठ्या घेतलेल्या माणसांवर बंदुका चालल्या. मागणी श्वासाची होती. हे मला कितीही वेळा वाचलं तरी सोपं जात नाही.

९
फलाटावर मराठी ऐकू आली. साठीच्या पुढचं जोडपं आणि बहुधा झुरिकला नोकरी करणारा मुलगा.

"इथं उतरायचं होतं का रे?"

"हो आई. गाडी बदलायची. वर जायचंय."

"गाव छोटंसंच दिसतंय."

"गाव बघायला नाही आलो आपण. पुढं पूल आहे, घळ आहे, मग आंडरमाट."

वडील मात्र पुलाच्या टोकाशी जाऊन बोगद्याकडे बघत उभे राहिले होते. मुलाने दोनदा हाक मारली. "बाबा, अहो चला, गाडी लागली." ते म्हणाले, "थांब रे, एक गाडी आत जाताना बघतो."

थांबायला हवं होतं सगळ्यांनीच.

१०
फाव्र १९ जुलै १८७९ रोजी बोगद्यात पाहणी करायला गेला आणि तिथंच कोसळला. वय ५३. दोन्ही बाजूंच्या कामगारांची गाठ पडायला सात महिने उरले होते.

फेब्रुवारीत अखेरचा खडक एका छिद्राने भेदला गेला, तेव्हा त्या छिद्रातून एका बाजूच्या लोकांनी दुसऱ्या बाजूला पत्र्याची डबी सरकवली. तिच्यात फाव्रचं चित्र होतं. आरपार जाणारा पहिला तोच.

११
२९ फेब्रुवारी १८८०. दोन्ही तोंडांकडून आलेले बोगदे मिळाले. चूक आडवी ३३ सेंटिमीटर, उभी ५.

मोजणी करणाऱ्यांनी डोंगराच्या माथ्यावर चढून, शिखरांवरून दुर्बिणीने कोन मोजून, कागदावर आकडेमोड करून हे साधलं होतं. साडेसात किलोमीटर आंधळं खणत जाऊन एका हाताच्या अंतरावर भेटणं! या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांना कुठं खणायचं हे अचूक माहीत होतं. खणणाऱ्यांना काय होतंय, हे मात्र अजून कुणालाच नीट कळलं नव्हतं.

१२
कामगार पांढरे पडत होते. चढ चढताना धाप, पायांत त्राण नाही, चेहरा मेणासारखा. आधी सगळे म्हणाले हवा वाईट, अन्न वाईट. १८८० साली तूरिनच्या एदोआर्दो पेरोनचितो या संशोधकाने कारण शोधलं: आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक कृमी, आपण ज्यांना अंकुशकृमी म्हणतो ते. बोगद्यात शौचालयं नव्हती. उबदार, ओला चिखल. अळ्यांना याहून चांगली जागा डोंगराबाहेर, त्या थंडीत, सापडली नसती.

त्याने नेचाच्या मुळाचा अर्क देऊन इलाजही दाखवला. अळी कातडीतून शरीरात शिरते हे कळायला आणखी अठरा-वीस वर्षं गेली. ते इजिप्तमध्ये कळलं. पुढं खाणींत, मळ्यांत, अनवाणी शेतात काम करणाऱ्या मुलुखांत हा आजार ओळखता येऊ लागला. त्यात आपलाही मुलूख आला.

घरी परतलेल्या किती कामगारांना तो इलाज मिळाला असेल?

१३
आल्फ्रेड एशर. झुरिकचा राजकारणी, बँकवाला, रेल्वेवाला. गॉटहार्डची योजना त्याने उभी केली. खर्च अंदाजाबाहेर गेला, तेव्हा १८७८ साली त्याला कंपनीच्या प्रमुखपदावरून जावं लागलं. बोगदा आरपार झाला तेव्हाच्या समारंभात तो नव्हता. १८८२ मध्ये मार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो वारला.

झुरिकच्या मुख्य स्टेशनासमोर आता त्याचा पुतळा आहे. भेटण्याची ठरलेली जागा म्हणून लोक ती सांगतात.

१४
खाली दरीतलं एर्स्टफेल्ड गाव ४७० मीटरच्या आसपास. तिथून इथवर तीसेक किलोमीटरमध्ये सहाशे मीटरहून जास्त चढ. या मार्गाचा कमाल चढ हजारी २७. आपल्या बोरघाटाचा चढ सदतिसास एक. भागाकार करून पाहिला: तोही हजारी २७.

एर्स्टफेल्डला जड मालगाड्यांना जादा इंजिन जोडत. कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लागतात. लोखंडाला लोखंडावर एवढीच पकड मिळते. आल्प्स असो की सह्याद्री.

१५
बोरघाट १८६३ साली पुरा झाला, गॉटहार्डच्या एकोणीस वर्षं आधी. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढं चालवलं. हजारो मजूर पटकी-तापाने गेले. त्यांची यादी कुणी केली नाही.

१६
गॉटहार्डची यादी आहे. दोनशेच्या आसपास नावं: दरड, स्फोट, गाडीखाली. बोगद्यात मेलेले. कृमी घेऊन गावी गेलेले आणि तिथं मेलेले त्यात नाहीत.

१७
डायनिंग कारच्या आधी या स्टेशनात जलदगाड्या जेवायला थांबत. वीसेक मिनिटं. सूप आधीच वाढून ठेवलेलं, कारण शिट्टी कुणासाठी थांबत नसे. विलायती, जर्मन, रशियन प्रवासी नॅपकिन लावून घाईघाईने जेवत, आणि चार पावलांवर बोगदा.

हे उपाहारगृह अनेक वर्षं एर्न्स्ट त्सान नावाच्या माणसाने चालवलं. तो कादंबरीकार होता, त्या काळी जर्मन भाषेत भरपूर वाचला जाणारा. डोंगरातल्या माणसांच्या कथा लिहायचा. दुपारची गर्दी, हिशोब, आचारी, भांडी आणि मग लेखन. १९१७ साली तो हे सगळं सोडून खाली तळ्याकाठी राहायला गेला.

त्याच्या पुस्तकांपेक्षा मला त्याच्या गल्ल्यावरच्या वहीची उत्सुकता जास्त.

१८
बोगद्यात वाफेची इंजिनं अडतीस वर्षं धावली. पंधरा किलोमीटर धूर. खिडक्या बंद करायच्या, तरी रुमाल काळे. रूळ दुरुस्त करणारे रखवालदार त्याच धुरात काम करत. पहिल्या महायुद्धात परदेशी कोळसा मिळेना, तेव्हा स्विस लोकांनी आपल्या धबधब्यांकडे पाहिलं. १९२० मध्ये या बोगद्यातून विजेची गाडी गेली.

१८७५ साली श्वासासाठी मागितलेली हवा ४५ वर्षांनी आली, कोळशाच्या भावामुळे.

१९
वासेनचं देऊळ, म्हणजे चर्च. ग्योशेनेनच्या खालचं गाव. रेल्वेला तिथं एवढी उंची एकदम चढता येत नाही, म्हणून ती डोंगरात शिरून वळसे घेते. तेच छोटं पांढरं चर्च आधी वर दिसतं, मग समोर, मग खाली. तीनदा. पोरं दर वेळी ओरडतात. आजही ओरडली.

२०
मोटारी वाढल्या तसं ग्योशेनेनला नवं काम लागलं. खिंडीचा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली. मोटार इथं रेल्वेगाडीवर चढवायची, आइरोलोला उतरवायची. उन्हाळी सुट्टीत रांगा गावभर. ५ सप्टेंबर १९८० रोजी जवळजवळ १७ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा उघडला आणि मोटारगाड्यांची ही रेल्वे थांबली. रांगा तेवढ्या राहिल्या. आता त्या महामार्गावर असतात, आणि सुट्टीच्या दिवसांत रेडिओ त्यांची लांबी किलोमीटरमध्ये सांगतो.

२१
ऑक्टोबर २००१. रस्त्याच्या बोगद्यात दोन मालट्रक आदळले, आग लागली. अकरा माणसं गेली. बहुतेक धुराने.

२२
गावाजवळ एक प्रचंड दगड आहे, सैतानाचा दगड. गोष्ट अशी: वरच्या घळीत पूल बांधणं माणसाला जमेना. सैतान म्हणाला मी बांधतो, जो पहिला पूल ओलांडेल तो माझा. लोकांनी बोकड पाठवला. सैतान चिडला, पूल फोडायला दगड उचलून निघाला, वाटेत दमला. एका म्हातारीने दगडावर क्रूस कोरला, मग त्याला तो उचलवेना.

दगड महामार्गाच्या आड येत होता. १९७० च्या दशकात अभियंत्यांनी तो १२७ मीटर सरकवला. खर्च तीनेक लाख फ्रँक. लोकांनी दगड फोडू दिला नाही, हे मला फार आवडलं.

२३
स्टेशनावरचं घड्याळ: लाल सेकंदकाटा शेंड्याला क्षणभर थांबतो, मग मिनिटकाटा टपकन पुढं. घड्याळाची रचना १९४४ ची, हान्स हिल्फिकर या रेल्वेच्याच अभियंत्याची; लाल काटा नंतर आला. काटा मुद्दाम किंचित लवकर फेरी पुरी करतो आणि मध्यवर्ती घड्याळाचा इशारा येईपर्यंत वाट बघतो. देशभरातली स्टेशनं एकाच वेळी पुढं सरकतात.

२४
स्टेशनासमोरून पिवळी बस दुसऱ्या दरीत जाते, धरणापर्यंत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बांधलं. जलाशयाखाली ग्योशेनेर-आल्प नावाची वाडी होती. घरं, चर्च. लोकांना खाली नवी जागा दिली. गाड्या चालवणाऱ्या विजेसाठी पाणी लागतं, आणि पाण्याला जागा लागते. धरणग्रस्तांची गोष्ट कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या कुणाला समजावून सांगायला नको.

२५
१ जून २०१६: रेल्वेचा नवा बोगदा. ५७ किलोमीटर, एर्स्टफेल्डपासून बोडिओपर्यंत, थेट डोंगराच्या पायथ्यातून. बांधताना नऊ कामगार गेले. वेगवान गाड्या आता ग्योशेनेनपेक्षा सहाएकशे मीटर खालच्या पातळीवरून जातात. चढ नाही, जादा इंजिन नाही, चर्च नाही.

वर तासातासाला तांबूस रंगाची एक गाडी येते, ठिकठिकाणी थांबत. तिच्यामुळे स्टेशन जिवंत आहे. पर्यटनाच्या नावाखाली का होईना, तिला पैसे मिळत राहावेत असं मनापासून वाटतं. सपाट बोगद्याने वेळ वाचतो हे खरं, पण दरीतल्या माणसांना दवाखान्याला, शाळेला, बाजाराला वेळ वाचवायचा नसतो. गाडी हवी असते.

२६
२८ फेब्रुवारी १८८०: शेवटच्या खडकातून छिद्र आरपार. २८ फेब्रुवारी २०१६: रस्त्याचा दुसरा बोगदा करावा का, यावर देशाचं मतदान. सत्तावन टक्के म्हणाले करा.

२७
१० ऑगस्ट २०२३: खालच्या नव्या बोगद्यात मालगाडीचं चाक तुटलं, डबे घसरले, किलोमीटरच्या किलोमीटर रूळ उखडले. मनुष्यहानी नाही. पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर बऱ्याचशा प्रवासी गाड्या १८८२ च्या वाटेने वर आल्या, ग्योशेनेनमधून गेल्या. जुना मार्ग खर्चिक आहे, बंद करा, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

२८
आइरोलोच्या स्टेशनाजवळ विन्चेंझो वेला या शिल्पकाराचं काम आहे: श्रमाचे बळी. मेलेल्या कामगाराला डोलीवर उचलून बाहेर आणणारे सहकारी. त्याने ते १८८२ मध्ये घडवलं, कुणीही सांगितलेलं नसताना. ब्राँझमध्ये ओतून आइरोलोला बसवलं गेलं १९३२ साली. पन्नास वर्षं लागली.

ग्योशेनेनच्या दफनभूमीत फाव्रचं स्मारक आहे. गाडी बदलताना मध्ये वेळ असेल तर चालत जाऊन यावं.

२९
गावाच्या कडेला पुन्हा क्रेन, पत्र्याच्या कामगार-खोल्या, रेतीचे ढीग. रस्त्याच्या दुसऱ्या बोगद्याचं काम २०२१ पासून चालू आहे. दुपारच्या गाडीतून नारिंगी जाकिटातली तिघं उतरली, हातात डबे.

तिथं कुणी माहिती द्यायला भेटलं तर विचारायचं: आत, खोदकामाच्या टोकापर्यंत, शौचालयं कुठवर नेली आहेत? स्फोटानंतर माणूस किती वेळाने आत जातो? खाट एकाची एकच असते ना? भारतातून, बांगलादेशातून कुणी आहेत का इथं, आणि ते आजारी पडले तर घरी परतल्यावरही त्यांची कुणी विचारपूस करतं का?